मान खाली घालून घ्यायचं औषध

आर्णीच्या रस्त्याला बाभळी आहेत. दिवाळी मागं पडली की कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या त्यांच्याखालून घासत जातात आणि काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. लांबून पाहिलं तर बाभळीलाच बोंडं फुटल्यासारखं वाटतं. काल एसटीच्या खिडकीतून मला ते दिसलं आणि शिंक आली. एक आली, मग येतच राहिल्या. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि ती थोडी सरकून बसली.

खिडकी बंद होती. मग शिंक कशानं आली, हे मला कळलं नाही. कापूस नाकात गेला म्हणून, की नुसता डोळ्यांना दिसला म्हणून? नाकाला एवढं समजतं का?

आज सकाळी बाबांचा फोन आला. परवा शेतात सीतादही झाली, म्हणजे मायनं पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, पूजा करून दहीभात ठेवला आणि वेचा सुरू झाला. दोन-चार दिवसांत कापूस घरी येईल.  मग म्हणाले, "या वर्षी कापूस घरात ठेवू का? का आला तसाच विकू? तू सांग."

मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते, बाबा."

आता दुपार आहे. यवतमाळात, लोहाऱ्याकडच्या माझ्या खोलीत खिडकीजवळ ती छोटी पांढरी बाटली ठेवली आहे, नाकात मारायच्या औषधाची. तिच्याकडं पाहत मी बसले आहे. घर बाबांचं, कापूस त्यांचा, बाजारभावाची काळजीही त्यांचीच. मग विचारतात मला का, असं कोणालाही वाटेल. त्यासाठी मला त्या हंगामापाशी जावं लागतं. तो आठवला की आजही माझा गोंधळ होतो.

त्या वर्षांत आमच्याकडं कापूस कोणी लगेच विकत नसे. सगळ्यांचा कापूस एकदम निघायचा आणि भाव बसायचा. मग संक्रांतीपर्यंत थांबू, शिमग्यापर्यंत थांबू, असं म्हणत लोक घरं कापसानं भरून ठेवायचे. आमचं घर दोन खोल्यांचं. मागं चूल, पुढं बैठक. दिवाळीनंतर बैठकीत बसायला जागा उरायची नाही. कापसाचा ढीग भिंतीच्या टोकाला, पार आढ्याच्या लाकडाला टेकायचा. देवाचा फोटो त्याच्यामागं जायचा. माय अंदाजानं त्या दिशेला हात जोडायची. आम्ही तिघं ढिगाच्या पायथ्याशी अंथरूण टाकून झोपायचो.

लहानपणी मला हे फार आवडायचं. कापसात उडी मारली की तो आधी थंड लागायचा आणि मग हळूहळू ऊब द्यायचा. सरकीचा तेलकट, थोडा मातीचा, थोडा वाळलेल्या पानांचा असा वास यायचा. अंगाला खाज सुटायची, पायांवर पुरळ यायचं. पण ते गावात सगळ्यांनाच यायचं. शाळेत सगळी मुलं पायानं पाय खाजवत पाढे म्हणायची. कापूस घरात आहे म्हणजे खाज आहे, यात विचारण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

मी आर्णीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा ही खाज नाकात चढली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहाटे उठले की शिंका सुरू व्हायच्या. ढिगापलीकडून बाबा म्हणायचे, "उठली वाटते कॉलेजवाली." शिंका थांबल्या की नाक गच्च व्हायचं, डोळ्यांमागं दगड ठेवल्यासारखं दुखायचं. अभ्यासाला खाली मान घातली की कपाळात सगळं पुढं धावून यायचं. आणि मग एक दिवस लक्षात आलं, मला वासच येत नाही.

कधी गेला, ते सांगता येणार नाही. वीज गेली की लगेच कळतं, तसं वासाचं होत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांनी एक परीक्षानळी हातात दिली. पदार्थ ओळखायचा, त्यात आधी रंग पाहायचा आणि मग वास. मी नळीवरून हातानं वारा घेतला, पुन्हा घेतला. पाण्यासारखं काही नाही. शेजारची मैत्रीण नाक मुरडत होती, मीही मुरडलं. वहीत तिचं पाहून लिहिलं. पण प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकीला वेगळी नळी मिळणार होती.

घरी वेगळंच झालं. मी चुलीजवळ पुस्तक घेऊन बसले होते आणि समोरच्या गंजातलं दूध करपून काळं झालं. माय अंगणातून धावत आली. गंज उतरवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"अवं, घर भरून वास सुटला. तुले नाई आला?"

"नाई."

"काईच नाई?"

मी मान हलवली. माय रागावली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि पुढच्या खोलीतल्या ढिगाकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "आज दूध होतं. उद्या कापसाले इस्तू लागला त?"

कापसाची आग धडाधडा पेटत नाही. आतल्या आत धुमसते, आधी वास येतो. आणि दुपारी घरी मी एकटी असायचे.

त्या आठवड्यात बाबा मला यवतमाळला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नाकात उजेड टाकून पाहिलं, आत सूज आहे म्हणाल्या, ही ॲलर्जी आहे. एक बाटली लिहून दिली. रोज सकाळी नाकात फवारायची, मध्ये बंद करायची नाही, लगेच फरक वाटणार नाही, काही आठवडे धीर धरा. बाहेर पुष्कळ पेशंट होते. एवढं ऐकून आम्ही निघालो. खाली मेडिकलमधल्या माणसानं बाटली पुढं केली आणि सहज म्हणाला, "स्टेरॉईड आहे हे."

बाबांचा हात खिशातच थांबला. गावात एकाला सांधेदुखीवर कोणीतरी पुड्या दिल्या होत्या, त्यात स्टेरॉईड होतं म्हणतात. त्याचा चेहरा फुगून गोल झाला होता. बाबांनी मला विचारलं, "काय असते हे? तू त सायन्सची."

 तो शब्द मला परका नव्हता, पण तो चांगला की वाईट ते माहीत नव्हतं. पुढं शेवटच्या वर्षाला पुस्तकात त्याची आकृती पाहिली, एकमेकांना चिकटलेली चार कडी. ती मी पाठ केली, परीक्षेत काढली. तरी बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या कड्यांमध्ये मला सापडलं नाही.

आमच्या घरात फवारणी म्हणजे विष. मग ती बाटली नाकात मारायची असली म्हणून काय झालं. बाबांनी ती भाकरीच्या टोपल्यापासून लांब, उंच कोनाड्यात ठेवली. पहिल्या सकाळी मी बाटली घेऊन अंगणात उभी राहिले तर ते गोठ्यातून ओरडून म्हणाले, "वाऱ्याकडं पाठ करून मार वं." मायनं स्वतःच्या तोंडाला पदर गुंडाळला. मी मान मागं टाकली, लहानपणी माय नाकात तूप सोडायची तशी, आणि बाटली दाबली. औषध सरळ घशात उतरलं, कडवट. आत गेल्यावर माय म्हणाली, "हात धू आधी. मंग भाकरीले हात लाव." आज हसू येतं. तेव्हा मी मुकाट्यानं राख लावून हात धुतले होते.

बाबा रोज विचारायचे. पऱ्हाटीवर औषध मारलं की ते दोन दिवसांनी जाऊन पान उलटं करून पाहतात, किडी मेल्या की नाही. तसंच ते माझ्या तोंडाकडं पाहायचे.

"पडला फरक?"

"नाई, बाबा."

"काईच?"

"थोडासा, असं वाटते." ते मी त्यांच्यासाठी म्हणायचे.

एके दिवशी ते बाजारातून आले आणि खिशातून दुसरी बाटली काढली, थेंबांची. म्हणाले, "एकच औषध लागोपाठ मारू नये. कीड मुर्दाड होते. बोंडअळीचं काय झालं, पायलं ना? तेच तेच मारत गेलो अन् ती हासत बसली. आलटून पालटून मार. एक दिवस ते, एक दिवस हे."

हे त्यांनी शेतात स्वतः भोगून शिकलेलं होतं. मला ते एकदम पटलं. डॉक्टर बाई बंद करू नका म्हणाल्या होत्या, बदलू नका असं कुठं म्हणाल्या? आणि खरं सांगायचं तर त्या थेंबांनी जादू केली. टाकले आणि पाणी सुटलेल्या पाटासारखं नाक मोकळं झालं. दोन्ही बाजूंनी वारा आत आला, थंड. बाबा समोर बसले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मला थेंबांपेक्षा त्याचंच बरं वाटलं. "हे औषध खरं," ते म्हणाले. "त्या पहिल्यात काई दम नाई."

मग पांढरी बाटली कोनाड्यात मागं सरकली. एक दिवसाआडचे थेंब रोजचे झाले, मग सकाळ-संध्याकाळ, मग नाक बंद झालं की टाकायचे. ते उतरले की नाक आधीपेक्षा घट्ट बंद व्हायचं. तोंडानं श्वास घेऊन घसा लाकडासारखा झाला. वास तर मोकळ्या नाकालाही येत नव्हता. आता हे मूळचं दुखणं की औषधाचं, की कापसाचं, काही उलगडेना. परीक्षा जवळ आली होती.

मायनं मात्र तिचं ठरवलं होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "अवो, कापूस काढून टाका घरातून. पोरगी तोंड उघडं टाकून झोपते, मासोळीवानी."

"भाव पाय ना," बाबा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "खरं सांग, कापसानंच होते काय हे?"

हो म्हटलं तर कापूस आत्ता, पडत्या भावात जाणार. नाही म्हटलं तर मला माहीत नसलेलं बोलल्यासारखं होणार. गावात सगळेच कापसाजवळ झोपत होते, त्यांना काही होत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजरगवत होतं. एसटीत धूळ होती. मी म्हटलं, "सांगता नाई येत." मायनं माझ्या ताटात भाजी वाढली, जरा जोरात.

दुसऱ्यांदा यवतमाळला गेलो तेव्हा बाबा आत माझ्या शेजारी बसले. डॉक्टर बाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"ही दुसरी कोणी दिली?"

"मीच जी," बाबा म्हणाले आणि त्यांनी मुर्दाड किडीचं सगळं समजावून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं.

"शेतात तुमचं बरोबर असेल, काका. पण हिच्या नाकात कीड नाही, सूज आहे. हे थेंब चार दिवसांपुरते असतात. जास्त टाकले की नाक उलट बंदच होतं, तेच झालंय. ते आजपासून बंद. आणि हा फवारा रोज."

"पण त्यात ते स्टेरॉईड..."

"आहे ना. थोडं आहे, आणि ते नाकातल्या नाकात काम करतं. पोटात घ्यायच्या गोळ्यांसारखं अंगभर फिरत नाही. मी सांगते तेवढंच घ्यायचं आणि अधूनमधून मला दाखवायला यायचं." मग माझ्याकडं पाहून, "घेतेस कशी, दाखव."

मी मान मागं टाकली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पुढं वाकवलं. "अशी. मान खाली, पायाच्या बोटांकडं बघ. बाटलीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला, कानाकडं. आणि जोरात ओढायचं नाही, वास घेतो तेवढाच श्वास."

वास घेतो तेवढाच. मला ते ऐकून रडू आल्यासारखं झालं, का ते कळलं नाही.

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "घरात कापूस भरलाय का?"

 बाबा म्हणाले, "हाये जी."

"झोपायची जागा वेगळी करता आली तर बघा."

मी घाईनं म्हटलं, "पण मॅडम, कापसामुळंच असेल असं नाही ना?"

"नक्की नाही सांगता येणार. धूळ असेल, बुरशी असेल, गवत असेल. कापसात हे सगळंच येतं."

परत येताना एसटीत बाबांनी संत्रं सोललं. फोडी मला देत गेले. मला नुसता आंबटपणा लागत होता, संत्र्याचं संत्रेपण कुठं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम म्हणाल्या ना, औषधाले वेळ लागते. तोवर थांबू. कापूस राहू द्या." त्यांनी पुढची फोड माझ्या हातावर ठेवली. बाहेर बाभळी मागं जात होत्या.

थेंब सोडल्यावरचे दिवस फार वाईट गेले. बाटली कोनाड्यात दिसायची आणि हात तिकडं जायचा. शेवटी मायनं ती गोठ्यात नेऊन ठेवली. मी रोज सकाळी अंगणात मान खाली घालून उभी राहायचे, पायाच्या बोटांकडं पाहत. मला हे शर्यतीसारखं वाटायला लागलं होतं. औषध आधी लागू पडलं तर कापूस घरात राहील. नाही तर माय जिंकेल. आणि मी कोणाच्या बाजूनं आहे, तेही मला धड सांगता येत नव्हतं. झोपताना वाटायचं कापूस गेला तर बरं. सकाळी बाबांचा चेहरा पाहिला की वाटायचं, राहिला तर बरं.

प्रात्यक्षिकांच्या दिवसांत बाबांनीच मला आर्णीला मैत्रिणीकडं राहायला पाठवलं. तिच्या घरी कापूस नव्हता, किराणा दुकान होतं. बाटली मी सोबत नेली. शेवटच्या प्रात्यक्षिकाला सरांनी नळी दिली. मी हातानं वारा घेतला, वास घेतो तेवढाच श्वास घेतला, आणि काहीतरी आलं. फार दुरून आल्यासारखं. पिकलेल्या केळ्यासारखं गोड. मी पुन्हा घेतला. होतं. मी वहीत लिहिलं, फळासारखा वास. लिहिताना अक्षर वाकडं गेलं.

संध्याकाळच्या एसटीनं गावी आले. वाटभर मी मनात एकच वाक्य घोळवत होते. कापूस राहू द्या बाबा, औषध लागू पडलं. फाट्यावरून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले.

दार उघडं होतं. बैठक रिकामी होती. देवाचा फोटो भिंतीवर दिसत होता. जमीन नुकतीच सारवलेली, ओली, आणि त्या शेणामातीचा वास दारातच माझ्या तोंडावर आला. मी तिथंच उभी राहिले. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

बाबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला. "आला काय वास?"

"आला."

"कायचा?"

"सारवनाचा."

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "कायनं आला असंन? कापूस गेला म्हनून, का औषधानं?"

मी औषधानं म्हटलं असतं तर त्यांचा कापूस उगाच गेला असं झालं असतं. कापूस गेला म्हणून, असं म्हटलं असतं तर तो माझ्या नाकानं हाकलला, असं. आणि सकाळचं केळं होतंच मध्ये. तिथं घरही नव्हतं, कापूसही नव्हता, थेंबही नव्हते, फवारा होता. मी ते सगळं सांगितलं. केळ्याचंही सांगितलं. आणि म्हटलं, "मले नाई समजत, बाबा."

ते खांबाचा आधार सोडून उठले. "नसंन समजत त नसू दे," म्हणाले. "पेपर चांगला गेला ना?"

पुढं भाव चढला की उतरला, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. त्यानंतर मात्र कापूस आमच्या घरात राहिला नाही. आला की गेला. विचारलं की बाबा म्हणायचे, घरात मोकळं बरं वाटते. ते त्यांना खरंच वाटायचं का, हे मला अजून माहीत नाही.

आणि आज ते विचारतात, ठेवू का. मी इथं राहते, सुट्टीतच जाते, म्हणून विचारत असतील. की या वर्षी भावाची आशा आहे म्हणून. की त्यांना इतक्या वर्षांनी तो प्रश्न पुन्हा मांडून पाहायचा आहे, कापूस की औषध.

ऊन खिडकीतून सरकलं आहे. मी उठले, बाटली हलवली, मान खाली घातली, पायाच्या बोटांकडं पाहिलं. डाव्या बाजूला, कानाकडं. उजव्या बाजूला, कानाकडं. हंगाम यायच्या थोडं आधीच सुरू करत जा, असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. काल शिंका आल्या म्हणजे उशीर झाला का, की हेच आधी?

मग फोन लावला. मागं मायचा आवाज येत होता, ती कोणाला तरी चहा घ्या म्हणत होती.

"बाबा, ठेवा कापूस घरात."

"नक्की?"

"नक्की नाई, बाबा. पन ठेवा. मी संक्रांतीले येऊन राह्यली."

 मग ते म्हणाले, "बरं. औषध चालू केलं काय?"

"आत्ताच घेतलं."

"मान खाली घालून ना?"

"हो."

"मंग ये," ते म्हणाले. आणि मायला सांगताना ऐकू आले, देवाचा फोटो दुसऱ्या भिंतीवर लाव.